पीठ कडू व्हायच्या आत

बाजरीचं पीठ साठवता येत नाही. थंडीत कसंबसं आठवडाभर निभतं. ऊन तापायला लागलं की चार दिवसांतच डब्याचं झाकण उघडताना उग्र, तेलकट वास येतो आणि भाकरीचा शेवटचा घास घशाशी कडू लागतो. दळणाऱ्याचा त्यात दोष नसतो. बाजरीच्या इवल्या दाण्यात अंकुराचा वाटा मोठा आणि त्या अंकुरात तेल भरपूर. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल कोंड्याच्या आड सुखरूप राहतं. एकदा दळलं, हवा लागली, की ते खवट व्हायला लागतं. म्हणून भिंगारच्या आमच्या घरात गव्हाचं दळण महिन्याचं यायचं, बाजरीचं मात्र लागेल तसं, थोडंथोडं.

विजेच्या गिरण्या नव्हत्या तेव्हा याचा अर्थ एकच होता. घरातल्या बाईने कोंबडं आरवायच्या आधी उठायचं, जात्याच्या खुंट्याला हात घालायचा आणि त्या दिवसापुरतं पीठ काढायचं. जात्यावरच्या ओव्यांचं आपण कौतुक केलं, त्यांचे संग्रह छापले, त्यांवर प्रबंध लिहिले; ते करायलाच हवं होतं. पण त्या बायकांना रोज, अगदी रोज, त्या वेळी जात्यापाशी कुणी बसवलं, हे सहसा कुणी विचारत नाही. सासूने बसवलं, रीतीने बसवलं, हे आहेच. आमच्या नगरी मुलखात मात्र त्यामागे हे कडू होणारं पीठही होतं. माझ्या आजीच्या उजव्या तळहाताला, बोटांच्या मुळाशी, घट्टे होते. जातं सुटून कितीतरी वर्षं झाली तरी ते गेले नाहीत. आम्हाला ताप आला की ती तोच हात कपाळावर ठेवायची.

आजीच्या त्या पहाटेशी पश्चिम आफ्रिकेतली एक पहाट जोडलेली आहे, हे मला माझ्या स्वयंपाकघरात बसलेल्या एका मुलाने सांगितलं. माझ्या मुलाबरोबर पुण्यात शिकणारा, उत्तर नायजेरियातल्या कानोचा. संक्रांतीच्या सुट्टीत दोघं भिंगारला यायचे होते. आदल्या रात्री मुलाचा फोन आला. आवाजात जरा संकोच होता. ‘आई, तो मटण फक्त हलालच खातो. जमेल ना?’

‘अरे, भिंगारात राहतोस ना तू?’ मी म्हटलं.

भिंगार म्हणजे नगरच्या किल्ल्यापलीकडचा छावणीचा गाव. लोक नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. तसा हा गाव नगरहून जुना. १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला तो भिंगारजवळ, आणि त्या जागेच्या आसपासच पुढे अहमदनगर वसलं, ज्याला आता अहिल्यानगर म्हणायचं. औरंगजेब १७०७ मध्ये इथेच वारला. त्याचा देह खुलताबादला नेला, पण आलमगीर हे नाव इथल्या वस्तीला राहिलं. १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि त्यानंतर इंग्रजांची पलटण इथे मुक्कामाला आली. तुर्क, इराणी, हबशी, पठाण, गोरे, मग जाट, शीख, तमिळ, डोगरा शिपाई: इतक्या मुलखांची माणसं या एवढ्याशा गावात जेवून गेली आहेत. कुणाला काय चालतं, कुणाच्या हातचं चालतं, जनावर कसं कापलेलं चालतं, हे प्रश्न भिंगारला नवे नाहीत. दुकानदाराला ते तोंडपाठ असतात.

आणि छावणीच कशाला? आमच्या खेड्यापाड्यांत मुलाणी होताच. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात गावगाड्यातल्या लोकांची यादी देताना त्याने मुलाण्याची नोंद केली आहे. गावात बकरं कापायचं तर मुलाण्याला बोलवायचं, त्याने अल्लाचं नाव घ्यायचं, सुरी फिरवायची, आपला हक्काचा वाटा घ्यायचा. घर मराठ्याचं असो, धनगराचं असो, माळ्याचं असो. पिराला नवस बोललेल्या कुणब्याच्या घरची कंदुरी तर मुलाण्याशिवाय व्हायचीच नाही. मलिदा करायचा, बकरं करायचं, अख्ख्या भावकीला जेवू घालायचं. हलाल हा शब्द त्या पंगतीत कुणी उच्चारत नसेलही, पण ताटात पडणारं मटण तेच होतं. आता हलाल की झटका यावरून मोठमोठ्याने बोललं जातं. ते ऐकताना मला ती कंदुरीची पंगत आठवते आणि वाईट वाटतं. ज्याला जे खायचं ते त्याने खावं. पण शेजाऱ्याच्या सुरीवरचा विश्वास ही पिढ्यांनी मिळवलेली चीज आहे, ती अशी सहज टाकून देऊ नये.

आमच्या नेहमीच्या दुकानदाराला आम्ही चाचा म्हणतो. वडिलांपासूनचं दुकान. चिंचेचा ओंडका मधोमध खोलगट झालेला, वर दोन सत्तूर, एक लांब पात्याची सुरी. चाचांशी या विषयावर बोललं की ते आधी धारेबद्दल बोलतात. बोथट सुरी चालवणं म्हणजे गुन्हा, हे त्यांचं पहिलं वाक्य. सुरी जनावराच्या देखत परजायची नाही. एकाला दुसऱ्याच्या समोर कापायचं नाही. आधी पाणी पाजायचं. नाव घ्यायचं आणि एका हातासरशी श्वासनलिका, अन्ननलिका, मानेच्या शिरा. मणका तोडायचा नाही. मग थांबायचं. रक्त पुरतं निथळू द्यायचं, जीव शांत होईपर्यंत कातड्याला हात लावायचा नाही. पैगंबरांची शिकवणच आहे, ते सांगतात, की कापायचंच असेल तर पातं धारदार ठेवा आणि जनावराला कमीत कमी त्रास द्या. मी आयुष्यभर मटण खात आले आहे. खाणारा त्या जनावराचं काही देणं लागतो, असं मला मनापासून वाटतं. आणि ते देणं माझ्या वतीने रोज पहाटे कुणीतरी काळजीने फेडतं आहे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

रविवारी सकाळी मी दोघांना घेऊनच दुकानात गेले. ‘चाचा, मांडी आणि सीना मिळून द्या, चार नळ्या टाका, थोडी कलेजी.’

‘पाहुणे दिसतात?’

‘नायजेरियाचा आहे. मुलाचा मित्र.’

पाहुण्याने हात छातीशी नेऊन सलाम केला. चाचांनी सत्तूर बाजूला ठेवला, हात पुसले, जबाब दिला आणि स्वतःचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चाचा दखनी बोलत होते, तो इंग्रजी. त्याने मागच्या बाजूला बांधलेल्या शेळ्यांकडे बघून काहीतरी विचारलं. चाचांना काय कळलं कोण जाणे, ते उठले आणि त्याला एका बोकडापाशी घेऊन गेले. कान, दात, पाठीचा कणा चाचपून दाखवला. संगमनेरी जात, आपल्याच जिल्ह्याची. त्या मुलानेही खाली बसून बोकडाच्या छातीखाली हात घातला, वजनाचा अंदाज घेतला आणि मान डोलावली. त्याच्या घरी बकरी ईदला मेंढा घेताना आजोबा असाच हात घालतात, असं त्याने नंतर सांगितलं. सेनेगल, माली, नायजर, उत्तर नायजेरिया, सगळीकडे त्या ईदला दारोदारी मेंढे बांधलेले असतात. मेंढा अंगाने भरलेला असावा, त्यात खोड नसावी, म्हणून घरचा म्हातारा माणूस जातीने बाजारात जातो. मटणाचे पैसे चाचांनी घेतले. चहाचे मात्र देऊ दिले नाहीत.

दुपारी मी नेहमीचाच रस्सा केला. कांदा चुलीत भाजल्यासारखा काळपट भाजायचा, सुकं खोबरं, लसूण-आलं, घरचा काळा मसाला, वर तर्री. आणि भाकरी. काठवटीत पीठ घेतलं, कोमट पाणी घालून तळहाताच्या मुळाने रगडलं. बाजरीला चिकटपणा कमी. नीट रगडलं नाही तर थापताना कडा फाटतात. भोगीचे तीळ उरले होते ते वर लावले. तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलटली, मग आचेवर फुगवली. पापुद्रा सुटला की ताटात.

त्याने तुकडा मोडला. रश्श्यात बुडवण्याआधी नाकाशी धरला. मग माझ्या मुलाला म्हणाला, दाणे आहेत का घरात? मुलाने कोठीतून मूठभर बाजरी आणली. त्याने ती डाव्या तळहातावर घेतली, उजव्या अंगठ्याने चोळली, हलकी फुंकर मारून भुसकट उडवलं. माझी आजी शेतावर कणीस हातावर मळून असंच करायची, अगदी असंच. ‘गेरो,’ तो म्हणाला. त्याच्या हौसा भाषेत बाजरी.

मग जेवण तसंच राहिलं आणि तो बोलत बसला. कानोपासून दूर त्याच्या आजीचं गाव. तिथे पहाटे सगळ्यांत आधी उखळ-मुसळांचा आवाज येतो. लाकडी उखळ कमरेएवढं उंच; दोघी-तिघी बायका उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालतात, एकीचं वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. मध्येच एखादी मुसळ हवेत सोडून टाळी वाजवते आणि पुन्हा झेलते. गाणी असतात. रोज कांडावं लागतं, कारण ठेवलं तर कडू होतं. त्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्याला तुवो म्हणतात, आणि भेंडीच्या किंवा गोरखचिंचेच्या पानांच्या कालवणात बुडवून उजव्या हाताने खातात. पिठाचे गोळे उकडून, पुन्हा कांडून, आंबट दुधात कालवले की ती फुरा. फुलानी गवळणी भोपळ्याच्या तुंब्यात दूध घेऊन, तुंबा डोक्यावर ठेवून बाजारात बसतात, फुरा कालवून विकतात.

मी उठून आदल्या दिवशीचा घाटा त्याच्यापुढे ठेवला. बाजरीचा, ताकातला. त्याने वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली.

त्या दिवसापासून बाजरीबद्दल मिळेल ते मी वाचत गेले. आज मालीत असलेल्या तिलेम्सी खोऱ्यात, सहाराच्या दक्षिण काठावर, साडेचार हजार वर्षांपूर्वीची खापरं सापडली आहेत. मडकी करताना मातीत भुसकट कालवायची तिथे पद्धत होती, जशी आपले कुंभारही काहीबाही कालवतात. भट्टीत भुसकट जळून गेलं, पण त्याचे ठसे खापरात राहिले. ते ठसे भिंगाखाली पाहिले तेव्हा कळलं की ही रानटी बाजरी नव्हे, पेरलेली आहे. रानटी बाजरीचा दाणा पिकला की देठापासून सुटून मातीत पडतो. या ठशांत देठ शाबूत होते. दाणा कणसाला धरून राहिला होता. माणसाने, बहुधा बाईने, वर्षानुवर्षं न गळणारी कणसं निवडून त्यांचंच बी पुढच्या पावसाला ठेवलं, तेव्हा हे घडलं. पुढच्या काही शतकांत ती बाजरी आफ्रिकेच्या पूर्व अंगाला पोचली, अरबी समुद्र ओलांडून सौराष्ट्राकडे आली, आणि मग दख्खनच्या हलक्या, मुरमाड रानात रुजली. इथे पाऊस कमी, माती उथळ. तिला हवं तेच होतं.

ती एकटीही आली नाही. चवळी पश्चिम आफ्रिकेची. घानामध्ये तिचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दाणे मिळाले आहेत. ज्वारी आफ्रिकेची. लाल अंबाडी आफ्रिकेची, चिंच आफ्रिकेची. नगरच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरचं साधं ताट आठवा: बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, चवळीची उसळ, चिंचेचा कोळ घातलेली आमटी. ज्यांनी हे सगळं प्रथम पेरलं त्यांचं नाव कुठल्या ताम्रपटात नाही, बखरीत नाही. त्यांच्या भाषाही बहुतेक उरल्या नसतील. आपण कुलदैवताला नैवेद्य दाखवतो तेव्हा त्या साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठच्या, बायकांना एकदा हात जोडायला हवेत, असं मला आता वाटतं आणि मी ते जोडते.

यातली एक गोष्ट तर अगदी कालपरवाची. ज्या वर्षांत आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच वर्षांत साहेलही जळत होता. तिकडे साठीच्या दशकाच्या अखेरीपासूनच पाऊस रुसला होता. आमच्याकडे माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीची चव आमच्या घरात अजूनही काढली जाते. तिकडे गुरांचे कळपच्या कळप मेले आणि फुलानी गुराखी शहरांच्या कडेला येऊन पडले. त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी उत्तर टोगोतली ‘इनियादी’ नावाची, लवकर येणारी, टपोऱ्या दाण्याची गावरान बाजरी आणली. तिच्यातून निवड करत केलेलं वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालं. त्याच वाणातून पुढे लोहाचं प्रमाण जास्त असलेली ‘धनशक्ती’ निघाली आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली. त्या कामात राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ होतं. राहुरी आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. म्हणजे अंगात रक्त कमी असलेल्या नगरच्या पोरीबाळींसाठी टोगोतल्या कुण्या शेतकऱ्याने राखलेलं बी पुन्हा एकदा समुद्र ओलांडून आलं. मी दुकानात धनशक्तीची पिशवी पाहिली की मला बरं वाटतं.

माणसंही आली, त्यांचं येणं मात्र इतकं सुखाचं नव्हतं. मलिक अंबरला गुलाम म्हणून विकत विकत इथे आणलं. तो इथियोपियाचा, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व टोकाचा; त्याने निजामशाही तोलून धरली आणि १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. हा इतिहास आपल्याकडे शाळेतली मुलंही सांगतात.

पश्चिम आफ्रिकेच्या शिपायांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. १९४३ मध्ये ८१वी पश्चिम आफ्रिकन डिव्हिजन भारतात उतरली, पाठोपाठ ८२वी. नायजेरिया, घाना, सिएरा लिओन, गांबियाची ही मुलं. उत्तर नायजेरियातले हौसा मुसलमान त्यांत खूप. त्यांना ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला नेलं. कलादन नदीच्या खोऱ्यात रस्ताच नव्हता. विमानातून टाकलेली रसद उचलायची आणि डोक्यावर घेऊन डोंगर चढायचे. ८१व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यावर काळा कोळी होता, त्यांच्या लोककथांतला चतुर कोळी. ८२व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यावर दोन भाले आणि डोक्यावर ओझं घेताना ठेवायची चुंबळ. अशी चुंबळ मी पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावर लहानपणभर पाहिली आहे. ती कुण्या फौजेच्या बाहीवर शिवलेली असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. १९४४ साली पंडित नेहरू आमच्या किल्ल्यात कैदेत बसून ‘भारताचा शोध’ लिहीत होते. तिकडे त्याच वर्षी ही मुलं, परक्या साम्राज्यासाठी, परक्या जंगलात चालत होती. आपापल्या घरच्या बाजरीपासून आणि आपापल्या घरच्या सुरीपासून इतक्या लांब. कानोच्या त्या मुलाला त्याच्या गावातल्या अशा एका म्हाताऱ्या शिपायाच्या गोष्टी ऐकून माहीत होत्या. त्या गोष्टींत लढाई थोडी आणि भूक फार, असं तो म्हणाला.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. चाचांकडून बिनहाडाचं मटण आणलं होतं. ते त्याने आडव्या धाग्यांवर इतकं पातळ कापलं की तुकडा उचलून धरला तर पलीकडचं बोट दिसावं. सुयाचा, म्हणजे त्यांच्याकडच्या सळईवर भाजलेल्या मटणाचा, मसाला हवा होता. त्यात मुख्य असते शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड, कडक तळलेली, मग कुटलेली. आपल्याकडे पेंड गोठ्यात जाते. त्याने दाणे भाजून, कुटून, फडक्यात पिळून तेल काढलं. माझी भाजलेल्या दाण्यांची पाटी पाहून तो खूश झाला; भुईमूग दोघांकडेही दक्षिण अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेला, आणि दोघांनीही तो असा आपलासा केलेला की कुणाला शंका येऊ नये. त्या कुटात सुंठ, लाल तिखट, मीठ. मटणाचे तुकडे त्यात घोळवून सळईला ओवले आणि अंगणात शेगडीच्या कडेने सळया तिरप्या उभ्या केल्या. निखाऱ्यावर सरळ नाही. कडेने, आच लागेल इतक्या अंतरावर. तेल सुटून मसाला खरपूस झाला की कच्चा कांदा, टोमॅटो आणि पुन्हा वरून तोच मसाला. कानोला संध्याकाळच्या नमाजानंतर रस्त्याच्या कडेला अशा शेगड्या पेटतात, आणि वर्तमानपत्रात बांधलेला सुया घेऊन माणसं घरी जातात. शेजारची मुलं वासाने गोळा झाली. एकही तुकडा उरला नाही.

याच मसाल्याचा लेप लावून, पातळ पदर उन्हात वाळवून ते किलिशी करतात. वाटेवर, प्रवासात, हजला जाताना बरोबर न्यायची. हे ऐकताना मला आपल्याकडच्या चाण्या आठवल्या. दलित वस्त्यांत दोऱ्यांवर वाळत घातलेलं मांस, पावसाळ्याची बेगमी. गावाने त्यावर नाक मुरडलं, आणि ज्यांनी ते वाळवून लेकरं जगवली त्यांच्या कसबाची दखल घेतली नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या त्या स्वयंपाकाची नोंद केली, ते माझ्या मते मराठीतल्या मोलाच्या पुस्तकांपैकी एक आहे. कानोच्या बाजारात किलिशी हे मानाचं खाणं. त्याच्यासारखंच कसब इथे लपवून ठेवावं लागलं. आफ्रिकेच्या या पाहुण्याशी बोलताना मला माझ्याच गावाची ही बाजू पुन्हा दिसली, आणि ती बोलून दाखवायला हवी.

चवळीची भजी तर त्याने आणि मी मिळून केली. रात्री भिजवलेली चवळी पाण्यात चोळून साल काढायची, सगळी. मग कांदा-मिरची घालून वाटायची आणि हाताने फेटत राहायचं, पीठ हलकं होऊन फुलेपर्यंत. फेटण्यातच सगळं आहे, त्याचं म्हणणं. कोसाई म्हणतात त्याच्याकडे. किनाऱ्याकडच्या योरुबांकडे अकारा. गुलामांच्या जहाजांतून ती ब्राझीलला गेली आणि तिथे बाहियाच्या रस्त्यांवर आजही पांढऱ्या कपड्यांतल्या बायका ती तळतात. आमच्या तेलात पामतेलाचा केशरी रंग नव्हता, पण भजी जाळीदार झाली. माझ्या नणंदेने तिच्यावर चिंचेची चटणी घातली आणि त्याने तक्रार केली नाही.

संध्याकाळी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. ती हौसात बोलायची, तो इंग्रजीत सांगायचा, माझा मुलगा मराठीत. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, माझ्या सगळ्या घराची विचारपूस केली, मुलाला काय वाढलं ते एकेक विचारून घेतलं. चाचांच्या दुकानाबद्दल त्याने सांगितलं तेव्हा ती थोडी थांबली आणि मला म्हणाली, तुम्ही त्याच्या खाण्याची काळजी घेतलीत, अल्ला तुमच्या लेकराची काळजी घेईल. मी म्हटलं, इथे तो माझाच आहे. मग आमचं भेंडीवरून जोरात वाजलं. मी भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून, चिंचेचा कोळ किंवा आमसूल घालून तिची तार मोडते. तिच्या मते भेंडी करायची ती तारेसाठीच. बारीक किसायची, खाराच्या पाण्यात शिजवायची, आणि चमच्याबरोबर लांब तार आली नाही तर नवरा ताटावरून उठतो. मी तिला अंबाडीचं विचारलं. ती लाल अंबाडीच्या फुलाच्या बोंडांचं, आलं-लवंग घातलेलं थंड सरबत करते, झोबो. मी पानांची भाजी करते, कण्या आणि दाणे घालून. तिने पानांची भाजी कधी केली नव्हती, मी बोंडांचं सरबत. दोघींनी दुसऱ्या दिवशी करायचं ठरवलं आणि केलं. माझं जरा आंबट झालं, साखर वाढवावी लागली.

पुढच्या बाजरीच्या सुगीला, भाद्रपद-आश्विनात, ती लेकाला भेटायला येणार आहे. व्हिसा मिळाला तर. मी तिला शेतावर नेणार आहे, कणसं हातावर मळून द्यायला. भातवडीचा रस्ता तिकडूनच जातो, तोही दाखवेन. ती येताना गोरखचिंचेच्या पानांची पूड आणणार आहे, कारण तिच्याशिवाय तिच्या लेकाला तुवो गोड लागत नाही. तिने मला दोन गोष्टी विचारल्या आहेत: भिंगारात उखळ मिळेल का, आणि मेंढ्याचं मटण मिळेल का. उखळ माझ्या माहेरी माळ्यावर आहे, उतरवून घासून ठेवते. मटणाचं चाचांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, मेंढा मी स्वतः बघून घेतो, फक्त चार दिवस आधी कळवा.